गँडर ते शॅनन: खरं अंतर किती आणि विमान जाईल कुठून?

कंदील

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात लेकीला घेऊन टोरांटोहून युरोपला गेलो. रात्रीचं विमान होतं. सगळे झोपले, पण आमची अकरा वर्षांची बाई समोरच्या खुर्चीच्या पाठीवरचा नकाशा बघत जागी. निळ्या पाण्याच्या डाव्या काठावर ‘गँडर’, उजव्या काठावर ‘शॅनन’, आणि मधे दोन-अडीच वीत नुसता निळा रंग. तिने विचारलं, “बाबा, ही दोन खूप मोठी शहरं आहेत का?” मला सांगता येईना. घरी येऊन पाहिलं तर दोन्ही गावं चिमुकली, गँडर कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर आणि शॅनन आयर्लंडमध्ये, मधला निळा रंग अटलांटिकचा. गँडरची वस्ती दहा-बारा हजार, शॅननचीही तेवढीच.

मग तिने भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर पट्टी ठेवली आणि खालच्या मापाने हिशेब केला. उत्तर आलं ५,१०० किमी. अंतर काढून देणाऱ्या संकेतस्थळावर टाकलं तर ३,१८० किमी. जवळपास दोन हजारांचा फरक! पट्टी धरण्यात इतकी चूक होणार नाही, मी स्वतः पुन्हा मोजलं.

तर प्रश्न असे: खरं अंतर कोणतं? समजा एखादं विमान गँडरहून उडून थेट शॅननला उतरलं, तर ते कोणत्या वाटेने जाईल? आणि नकाशावर नेमकी हीच दोन नावं का? लेकीच्या वहीत उत्तर लिहायचं आहे, तेव्हा समजेल असं सांगा.

रातराणी

मलाही तो नकाशा बघत बसायला फार आवडतं. इथे ठाण मांडून बसते आता.

शिडाचीहोडी

कंदील, लेकीची पट्टी बरोबर आहे आणि संकेतस्थळही. चूक नकाशाच्या मापात आहे.

भिंतीवरचा तो नकाशा बहुधा मर्केटर पद्धतीचा असणार. त्यावर सगळी रेखावृत्तं एकमेकांना समांतर उभी असतात. पृथ्वीवर ती ध्रुवाकडे जाताना जवळ येत जातात, नकाशावर ती ओढून लांब ठेवलेली आहेत. त्यामुळे विषुववृत्तापासून जसजसं वर जाल तसतसं सगळं ताणलं जातं. गँडर ४९ अक्षांशावर आहे, शॅनन जवळपास ५३ वर. मधल्या ५१ अक्षांशाच्या आसपास हा ताण साधारण १.५८ पट येतो. नकाशाखालची मापपट्टी मात्र विषुववृत्तासाठी असते. लेकीला सांगा, ५,१०० ला १.५८ ने भाग. ३,२३० च्या आसपास येईल.

आता उरला ३,२३० आणि ३,१८० मधला फरक. तो खरा आहे आणि त्यातच गंमत आहे. मर्केटरवरची सरळ रेघ म्हणजे एकच दिशा धरून केलेला प्रवास. आम्ही तिला ऱ्हंब लाइन म्हणतो. कंपासचा एकच आकडा धरायचा आणि चालत राहायचं. जवळची वाट मात्र ती नव्हे. जवळची वाट म्हणजे ग्रेट सर्कल. पृथ्वीगोलावर दोन गावांमध्ये दोरा ताणून धरला की तो जिथून जाईल ती.

मर्चंट नेव्हीत बावीस वर्षं काढली. पहिल्याच जहाजावर सेकंड ऑफिसरने नोमोनिक चार्ट पसरून दाखवला होता. त्या चार्टवर ग्रेट सर्कल सरळ दिसतं. त्यावर पेन्सिलीने रेघ मारायची, ठराविक रेखांशांवरचे बिंदू उचलायचे, ते मर्केटरवर मांडायचे आणि तुकड्या-तुकड्याने दिशा बदलत जायचं. तेव्हा पहिल्यांदा कळलं की कागदावरची सरळ रेघ ही नेहमी जवळची नसते.

अनुस्वार

ग्रेट सर्कलला पाठ्यपुस्तकात ‘बृहद्वृत्त’ हा शब्द आहे. लेकीच्या वहीत तो लिहा, चांगला शब्द आहे.

गोफण

होडी, तुमचं गणित मान्य, पण विमानं उत्तरेकडून वळसा घालतात त्याचं कारण वेगळं आहे. समुद्रावर काही झालं तर उतरायचं कुठे? म्हणून ती ग्रीनलंड-आइसलँडच्या जवळून जातात. जमीन हाताशी राहावी म्हणून. जवळची वाट वगैरे नंतर.

शिडाचीहोडी

नाही हो गोफण, उलट आहे. वाट आधी भूमितीने उत्तरेला जाते, जमीन हाताशी येते हा नंतरचा फायदा. जहाजाला उतरायला विमानतळ लागत नाही, तरी आम्हीही उत्तरेकडूनच जायचो. आमच्या बाबतीत उलट अडचण, उत्तरेला न्यूफाउंडलंडच्या बाजूला हिमनग. वसंतात तिथून बर्फ खाली वाहत येतो, म्हणून कितीदा मुद्दाम दक्षिणेने लांबची वाट धरावी लागे.

टिटवी

मी विमान कंपनीत फ्लाइट डिस्पॅचर आहे, अटलांटिकवरच्या उड्डाणांचे आराखडे करणं हे रोजचं काम. थोडे आकडे देते.

गँडर ते शॅनन ग्रेट सर्कल अंतर सुमारे ३,१८० किमी, आमच्या भाषेत १,७१५ सागरी मैल. एकच दिशा धरून गेलात तर साधारण ३,२३५ किमी. म्हणजे वाचतात जेमतेम ५५ किमी, जेटला चार मिनिटं.

ग्रेट सर्कलने निघालात तर गँडरहून विमानाचं नाक ६५ अंशांवर असतं, म्हणजे ईशान्येच्याही किंचित पूर्वेला. शॅननला पोचताना ते १०१ अंशांवर आलेलं असतं, म्हणजे पूर्वेला ओलांडून थोडं दक्षिणेकडे वळलेलं. वाटेत वैमानिक कुठेही वळण घेत नाही, उत्तर दिशाच त्याच्या भोवती सरकत जाते. अर्ध्या वाटेवर तुम्ही ५३ अक्षांशाच्या किंचित वर असता. नकाशावरच्या सरळ रेघेपेक्षा अडीचशे किलोमीटर उत्तरेला.

आता हे नीट बघा. अडीचशे किलोमीटर बाजूला जाऊन वाचतात पंचावन्न. उलट बाजूने वाचलं तर: शंभर-दोनशे किलोमीटर इकडे-तिकडे सरकलं तरी अंतरात फारसं बिघडत नाही. त्यामुळे या वाटेवर कुठून जायचं हे अंतर ठरवत नाही, वारा ठरवतो.

उत्तर अटलांटिकवर नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम वाहतो. हिवाळ्यात ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर सहज. विमानाचा हवेतला वेग ८५० धरा. वारा नसेल तर ३,१८० किमीला पावणेचार तास. पाठीमागून १५० चा वारा मिळाला तर जमिनीवरचा वेग १,०००, म्हणजे तीन तास दहा मिनिटं. तोच वारा समोरून आला तर वेग ७०० आणि साडेचार तास. जाताना आणि येताना सव्वा तासाहून जास्त फरक. चार मिनिटं वाचवणाऱ्या रेघेला कोण धरून बसेल?

म्हणून पूर्वेकडे जाताना आम्ही जेट स्ट्रीम शोधून त्यात शिरतो आणि पश्चिमेकडे येताना त्याला चुकवतो. मग एखाद्या दिवशी वाट ग्रेट सर्कलच्या तीनशे किलोमीटर दक्षिणेला जाते, एखाद्या दिवशी उत्तरेला.

गोफण, तुमच्या मुद्द्यातही तथ्य आहे. दोन इंजिनांच्या विमानाला एक इंजिन बंद पडल्यास ठराविक वेळात कुठल्या तरी विमानतळावर पोचता आलं पाहिजे, असा नियम आहेच. त्यासाठी आम्ही गँडर, शॅनन, आइसलँडमधलं केफ्लाविक, अझोर्समधलं लाजेस असे विमानतळ आराखड्यात लिहून देतो. पण गँडर ते शॅनन या टप्प्यावर दोन्ही टोकं स्वतःच ते विमानतळ आहेत.

रातराणी

“उत्तर दिशाच त्याच्या भोवती सरकत जाते” हे वाक्य तीनदा वाचलं. कळलं!

गोफण

टिटवी, पटलं. ५५ किमीसाठी २५० किमी बाजूला, हा हिशेब कधी डोक्यात आला नव्हता. एक शंका मात्र आहे. रोज शेकडो विमानं आपापला वारा शोधत फिरली तर एकमेकांवर आदळणार नाहीत का? समुद्रात रडार तर नाही.

टिटवी

योग्य शंका. म्हणूनच रोज ‘ट्रॅक’ आखले जातात. वाऱ्याचा अंदाज पाहून समुद्रावर काही समांतर वाटा ठरवतात, दिवसातून दोनदा. दिवसा अमेरिकेकडे जाणाऱ्यांची गर्दी असते, त्या वाटा शॅनविक हे हवाई नियंत्रण केंद्र ठरवतं. त्यांना ए, बी, सी अशी सुरुवातीची अक्षरं. रात्री युरोपकडे जाणाऱ्यांची गर्दी, त्या गँडरचं केंद्र ठरवतं आणि त्यांना शेवटची अक्षरं, झेडपर्यंत. कंदील, तुम्ही रात्री गेलात म्हणजे वाटेवर गँडरचीच सही होती.

शॅनविक हे गाव नाही. शॅनन आणि स्कॉटलंडमधलं प्रेस्टविक या दोन नावांची जोडणी आहे. नियंत्रक प्रेस्टविकला बसतात, आणि रेडिओ केंद्र शॅननजवळ बॅलिगिरीनला आहे. ३० अंश पश्चिम रेखांशावर हद्द बदलते. पश्चिमेकडचं गँडरचं, पूर्वेकडचं शॅनविकचं. लेकीच्या तिसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. जगातलं सर्वात गजबजलेलं समुद्री आकाश या दोन नावांनी वाटून घेतलेलं आहे.

पूर्वी दर दहा अंश रेखांशाला वैमानिक एचएफ म्हणजे लांब पल्ल्याच्या रेडिओवर स्वतःची जागा सांगायचा: आत्ता इथे आहे, पुढच्या बिंदूवर अमुक वाजता पोचेन. नियंत्रक त्यावरून मनात चित्र मांडायचा. २०१९ पासून उपग्रह विमानांचे संदेश पकडतात, त्यामुळे आता समुद्राच्या मध्यावरचं विमानही पडद्यावर दिसतं. तेव्हापासून विमानांमधलं अंतर कमी करता आलं, आणि ट्रॅकची गरजही कमी होत चालली आहे. खालच्या उंचीवरचे ट्रॅक २०२२ मध्ये काढूनच टाकले.

धुकं

धागा आत्ता दिसला. मी न्यूफाउंडलंडला सेंट जॉन्समध्ये राहते, कामानिमित्त गँडरला जाणं होतं.

गँडरचा विमानतळ १९३८ मध्ये सुरू झाला, गाव त्याच्यामागून आलं. गावामुळे विमानतळ नाही, विमानतळामुळे गाव. त्या काळच्या विमानांत एका दमात न्यूयॉर्क ते लंडन जाण्याइतकं इंधन मावत नसे. मग उत्तर अमेरिका खंडाचं शेवटचं टोक आणि युरोपातलं पहिलं टोक यांच्यामध्ये एकच उडी मारायची. त्या दोन टोकांना भरपूर मोकळी, सपाट जागा हवी होती. ती इकडे गँडरला मिळाली, तिकडे शॅननला. ऑक्टोबर १९४५ मध्ये न्यूयॉर्कहून इंग्लंडला चार इंजिनांचं डीसी-४ प्रवासी घेऊन गेलं, ते गँडर आणि शॅनन इथेच थांबत गेलं.

जेट विमानं आल्यावरही लगेच सुटका झाली नाही. ऑक्टोबर १९५८ मध्ये कॉमेट-४ ने लंडन-न्यूयॉर्क सेवा सुरू केली. न्यूयॉर्कहून लंडनला ते न थांबता गेलं. लंडनहून न्यूयॉर्कला येणारं मात्र गँडरला इंधनासाठी उतरलं. टिटवीने सांगितलेला वारा इथे उघड दिसतो. अंतर तेच, विमान तेच.

गँडरच्या टर्मिनलमधली जुनी आंतरराष्ट्रीय लाउंज जशीच्या तशी ठेवली आहे. १९५९ मध्ये राणी एलिझाबेथ दुसरीने उद्घाटन केलं होतं. भिंतभर भलंमोठं चित्र आहे, पक्षी आणि माणसं उडण्याच्या पवित्र्यात. खाली चकचकीत फरशी, रंगीत खुर्च्या रांगेत. मी गेले तेव्हा आत दुसरं कुणी नव्हतं. घड्याळांची रांग आहे, एकेक घड्याळ एकेका शहराचं, आणि त्या शहरांच्या पंक्तीत गँडरचंही एक. तिथे उभं राहून वाटलं की एकेकाळी जगाची निम्मी नामवंत मंडळी याच खुर्च्यांवर इंधन भरेपर्यंत ताटकळली असतील.

आणि ११ सप्टेंबर २००१ कोण विसरेल? अमेरिकेचं आकाश बंद झालं तेव्हा समुद्रावर असलेली ३८ प्रवासी विमानं गँडरला उतरवली. साडेसहा हजारांवर माणसं, दहा हजारांच्या गावात. शाळा, चर्च, लोकांची घरं, सगळीकडे अंथरुणं पडली. ज्यांनी ते दिवस पाहिले ते आजही सांगताना तुमच्या हातात आधी चहा देतात.

अनुस्वार

शेवटचं वाक्य वाचून डोळे भरले. धुकं, यावर वेगळं लिहा ना.

पाणकावळा

मी समोरच्या काठावरून बोलतो, आयर्लंडमधल्या गॉलवेहून. शॅनन इथून गाडीने तासाभरावर.

शॅननच्या आधी तिथलं फॉइन्स. नदीच्या रुंद मुखाजवळचं बंदर. १९३७ च्या जुलैत पाण्यावर उतरणारी विमानं इथून न्यूफाउंडलंडच्या बॉटवुडला चाचणीसाठी गेली आणि तिकडून इकडे आली. बॉटवुड गँडरच्या शेजारचंच. म्हणजे धावपट्ट्या होण्याआधीही उडी हीच होती. अवांतर: आयरिश कॉफी याच फॉइन्सची. खराब हवेमुळे परत फिरलेल्या विमानातल्या कुडकुडत्या प्रवाशांसाठी तिथल्या आचाऱ्याने केली असं इथे सांगतात. १९४७ मध्ये शॅननला जगातलं पहिलं ड्यूटी फ्री दुकान उघडलं, तेही थांबणाऱ्या प्रवाशांमुळेच.

पण मला सांगायचंय ते त्याच्याही आधीचं. क्लिफ्डनजवळ डेरीगिमला नावाची दलदल आहे. १५ जून १९१९ ला आल्कॉक आणि ब्राउन तिथे उतरले. न्यूफाउंडलंडहून निघून न थांबता अटलांटिक ओलांडणारे पहिले. सोळा तास, उघड्या कॉकपिटमध्ये. वरून हिरवंगार कुरण दिसलं म्हणून उतरवलं, ती निघाली दलदल. नाक चिखलात गेलं, शेपूट वर. दोघांनाही काही झालं नाही.

मी गेलो तेव्हा पाऊस भुरभुरत होता. लाकडी फळ्यांच्या वाटेवरून चालायचं. फळी सोडून एक पाय बाहेर टाकला तर घोट्यापर्यंत आत. काळं, थंड, स्पंजासारखं. पाय ओढून काढताना जो ‘पच्’ असा आवाज आला, तेव्हा त्या दोघांचं उतरणं डोळ्यांपुढे आलं. शेजारीच मार्कोनीच्या बिनतारी केंद्राचे अवशेष आहेत, तेही समुद्रापार कॅनडाशी बोलण्यासाठीच इथे उभं केलेलं. तसंच १८६६ ची समुद्राखालची तार आयर्लंडच्या व्हॅलेन्शिया बेटावरून निघून न्यूफाउंडलंडच्या हार्ट्स कंटेंटला पोचली. तार, बिनतारी, विमान, सगळ्यांना हेच दोन काठ सापडले. कारण दोन खंडांच्या मधलं पाणी इथे अरुंद आहे.

शिडाचीहोडी

पाणकावळा, वा! ती तार टाकणारं जहाज ग्रेट ईस्टर्न. आमच्या प्रशिक्षणात त्याचा धडा होता.

गोफण

इथे एक प्रश्न राहतोय. लहान विमानं, चार आसनी वगैरे, एका इंजिनाची, ती कशी नेतात समुद्रापार? त्यांच्या टाकीत ३,१८० किमीचं इंधन मावणार नाही.

टिटवी

दोन उपाय. एक, मागच्या खुर्च्या काढून तिथे जादा टाक्या बसवायच्या आणि गँडर-शॅनन एका दमात. दहा-बारा तास आणि खाली थंडगार पाणी. वैमानिक पाण्यात टिकायचा रबरी सूट घालूनच बसतात. दुसरा, पायऱ्या-पायऱ्यांनी. गँडरहून लॅब्राडोरमधलं गूझ बे, तिथून दक्षिण ग्रीनलंडमधलं नार्सार्सुआक, मग रेक्याविक, मग शॅनन. एकूण ४,६०० किमीच्या आसपास होतं, म्हणजे चौदाशे जास्त, पण सर्वात लांब उडी दीड हजाराच्या आत. गोफण, जमीन हाताशी ठेवायची म्हणून उत्तरेने जायचं, हे तुमचं पहिलं म्हणणं या विमानांना तंतोतंत लागू आहे.

गोफण

हे वाचून बरं वाटलं. :)

वेलदोडा

लिहू की नको करत होतो, पण टिटवी इथे आहेत म्हणून विचारतो. एक गोष्ट बरीच वर्षं मनात अडकून आहे.

आठ-नऊ वर्षांपूर्वी कॅनडातून युरोपला जात होतो, रात्रीचंच विमान. पलीकडच्या रांगेत एक आजोबा होते, आजी शेजारी. मध्यरात्रीनंतर आजोबांच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टर आहे का म्हणून विचारणा झाली, एक मुलगी उठून आली. त्यांना मधल्या वाटेत आडवं केलं. माझ्या पायाशी त्यांची एक चप्पल येऊन पडली होती, ती मी उचलून मांडीवर धरून बसलो. काय करावं ते सुचत नव्हतं.

थोड्या वेळाने सांगण्यात आलं की विमान शॅननला उतरवत आहोत. मी समोरच्या पडद्यावर पाहिलं. नकाशावर आम्ही अजून अर्ध्यात पोचलो नव्हतो. गँडर जवळ दिसत होतं, आकड्यांतही साधारण चौदाशे-साडेचौदाशे किलोमीटर मागे, आणि शॅनन सतराशेच्या वर पुढे. मला कळेना की हे मागे का वळत नाहीत. वाटलं, ज्या दिशेला जायचं आहे तिकडेच जातायत, वेळापत्रकासाठी. माणूस जमिनीवर पडलाय आणि यांना वेळापत्रक. सगळा वेळ मी आतून धुमसत होतो. आजी सारखं घड्याळ बघत होत्या.

शॅननला उतरलो तेव्हा उजाडत होतं. दोन माणसं स्ट्रेचर घेऊन वर आली. नेताना आजोबांनी हात किंचित उचलला. चप्पल मी आजींच्या हातात दिली. पुढे त्यांचं काय झालं ते कळायचं साधन नव्हतं.

आज तुमचा वाऱ्याचा हिशेब वाचला आणि पहिल्यांदा शंका आली. मी वैमानिकाला उगाच दोष देत होतो का?

टिटवी

वेलदोडा, तुम्ही दिलेले आकडेच घेऊ. गँडर १,४५० मागे, शॅनन १,७३० पुढे. त्या रात्री पाठीमागून १५० चा वारा होता असं धरू. पूर्वेकडच्या रात्रीच्या उड्डाणाला तेवढा बऱ्याचदा असतो.

मागे वळलं असतं तर तोच वारा समोरून आला असता. १,४५० किमी, ताशी ७०० ने: दोन तास चार मिनिटं. पुढे गेलं तर १,७३० किमी, ताशी १,००० ने: एक तास चव्वेचाळीस मिनिटं. आजोबांची वीस मिनिटं वाचली.

जिथून मागे आणि पुढे सारखाच वेळ लागतो तो बिंदू आम्ही प्रत्येक उड्डाणाआधी काढतो आणि वैमानिकाच्या कागदांत लिहून देतो. इंजिन बंद पडलं तर वेगळा, केबिनमधला हवेचा दाब गेला तर वेगळा, आणि कुणी आजारी पडलं तर वेगळा. असा वारा असताना गँडर-शॅननच्या वाटेवर हा आजारपणाचा बिंदू १,५९० वर, म्हणजे मध्यावर नसतो. तो गँडरपासून १,३०० किमीच्या आसपास येतो. तुम्ही तो ओलांडला होतात. वैमानिकाने तो आकडा समोर ठेवूनच निर्णय घेतला असणार. त्या आकड्यात वेळापत्रक कुठेच नसतं.

मी रोज हा बिंदू काढते. तो लागू नये असं वाटतच काढते.

वेलदोडा

टिटवी, दोनदा कागदावर मांडून पाहिलं. एक तास चव्वेचाळीस मिनिटं. बरोबर तेवढ्याच वेळात उतरलो होतो, फार तर पाचेक मिनिटं इकडे-तिकडे. इतकी वर्षं त्या माणसाबद्दल मनात राग ठेवला होता. मनापासून आभार.

रातराणी

वेलदोडा, चप्पल सांभाळलीत, हे वाचून गलबललं.

धुकं

वेलदोडा, उलट दिशेच्या विमानांतून असे कितीतरी जण गँडरला उतरवले जातात. रात्री-अपरात्री अँब्युलन्स विमानतळाकडे जाताना दिसली की इथले लोक आपोआप गाडी बाजूला घेतात.

कंदील

मंडळी, चार दिवस प्रवासात होतो, आत्ता सगळं सलग वाचलं. आधी वेलदोडांचा प्रतिसाद वाचून थांबलो, मग लेकीला वाचून दाखवला.

काल आम्ही पृथ्वीगोल काढला. त्याचा व्यास ३० सेंटिमीटर. होडींनी सांगितल्याप्रमाणे शिवणाचा दोरा घेतला, एक टोक गँडरवर, दुसरं शॅननवर. सैल होता तोवर तो कुठेही लोळत होता, ताणल्यावर आपसूक वर सरकला आणि स्थिर झाला. लेक ओरडलीच. लांबी भरली साडेसात सेंटिमीटर. गोलाचा घेर सव्वाचौऱ्याण्णव, पृथ्वीचा चाळीस हजार, म्हणजे एका सेंटिमीटरला साधारण ४२५ किमी. उत्तर आलं ३,१८७! एक मिलिमीटर चुकलं की बेचाळीस किलोमीटर इकडचे तिकडे होतात हे मला माहीत आहे, पण तिचा आनंद मी कशाला कमी करू?

वहीत तिने लिहिलंय: ‘गँडर ते शॅनन ३,१८० किमी (बृहद्वृत्त). जाताना सव्वातीन तास, येताना साडेचार तास, कारण वारा.’ खाली पृथ्वीगोलाचं चित्र आणि एका टोकाला छोटी चप्पल काढली आहे. वेलदोडा, ती तुमच्यासाठी.

थेट विमानाने जाऊन बघू म्हणत होती. तिकिटं शोधली तर तशी थेट सेवा नाही, दुसऱ्या मोठ्या विमानतळावरून फिरून जावं लागेल. आणि आता तिचा नवा प्रश्न: दोन्हीकडच्या घड्याळांत साडेतीन तासांचा फरक का? तीन नाही, चार नाही, अर्धा कुठून आला?

धुकं

याचं उत्तर माझ्याकडे! न्यूफाउंडलंडची वेळ ग्रीनविचच्या साडेतीन तास मागे. सेंट जॉन्स ५२.७ अंश पश्चिमेला आहे. सूर्य एका तासात पंधरा अंश सरकतो. तिला ५२.७ ला १५ ने भागायला सांगा आणि काय आलं ते इथे लिहा.

कंदील

३.५१. “म्हणजे त्यांचं घड्याळ सगळ्यांपेक्षा खरं आहे!” असं म्हणून ती शॅननचा रेखांश शोधायला पळाली आहे.